ऑडिशनची तारीख आणि दाताचं काम : आधी काय उरकायचं, काय मागे ठेवायचं

आकाशवाणीच्या ऑडिशनचं पत्र आलं की गाणारा माणूस दोन गोष्टी करतो. रागांची यादी काढून बसतो आणि वर्षभर टाळलेली दाढ दाखवायला जातो. पहिली गोष्ट बरोबर. दुसरी मात्र पत्र आल्यावर नाही, अर्ज टाकला त्या आठवड्यात करायची असते. पत्र आल्यावर हातात किती दिवस उरतील याचा भरवसा नसतो, आणि दाताचं काम आपल्या घाईने भरून येत नाही.

मी बासरी वाजवतो आणि शिकवतो. ही चूक मी स्वतः केलेली आहे. ऑडिशनला ११ दिवस होते. खालची दाढ ठणकत होती, ती काढून टाकली आणि वाटलं, सुटलो. चौथ्या दिवशी दुखणं उतरल्यासारखं झालं म्हणून बासरी ओठांना लावली. रात्री कानापर्यंत कळ गेली. डॉक्टरांनी बघितलं तर दाढेच्या खळगीत रक्ताची गाठ राहिलीच नव्हती, हाड उघडं पडलं होतं. पुढचे सात-आठ दिवस औषध भरण्यात गेले. ऑडिशन दिली, पण मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, धरताना फुंक थरथरत होती आणि ते माइकने नेमकं टिपलं.

खाली गायक, बासरी-सनईवाले आणि बँडमधले क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रंपेट वाजवणारे यांच्यासाठी क्रम दिला आहे. तबला, सतार, हार्मोनियमवाल्यांना यातला औषधांचा भाग तेवढा पुरे.

पायरी १ : अर्ज टाकला त्याच आठवड्यात तोंड दाखवा

दुखत नसलं तरी जा. सगळ्या दातांची तपासणी करून घ्या. डॉक्टरांना गरज वाटली तर दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढून घ्या. मग डॉक्टरांना कामांचे तीन गट पाडायला सांगा : आत्ताच केलं पाहिजे असं, सहा महिने थांबलं तरी चालेल असं आणि निव्वळ दिसण्यासाठीचं. आकाशवाणीच्या ऑडिशनला तुमचे दात कुणी बघत नाही, फक्त ऐकतात. दात पांढरे करून घ्यायची हौस नंतर भागवा. त्या कामानंतर काही दिवस गार हवासुद्धा दाताला झोंबते.

"मी गातो" एवढंच सांगितलं तर डॉक्टर मान डोलावतात आणि विसरतात. त्यांना वाटतं, गणपतीत गात असेल. नीट सांगा : रोज इतके तास रियाज आहे, ऑडिशन साधारण अमुक महिन्यात आहे, आणि तोंडाचा अमुक भाग मला कामाला लागतो. वादकांनी वाद्य घेऊन जावं आणि खुर्चीत बसून वाजवून दाखवावं. बासरी खालच्या ओठावर टेकते आणि त्या ओठाला मागून खालच्या पुढच्या दातांचा आधार असतो. क्लॅरिनेट-सॅक्सोफोनला वरचे पुढचे दात थेट माउथपीसवर टेकतात. ट्रंपेटचा दाब ओठांवरून पुढच्या दातांवर येतो. सनईत पत्ती ओठांत धरलेली असते आणि तोंडातल्या हवेचा दाब मोठा असतो. एकदा डोळ्यांनी बघितलं की डॉक्टर आपणहून म्हणतात, "मग हा दात असा नको घासायला."

याच भेटीत पुढच्या दातांचा प्लॅस्टरचा साचा करून मागा. पुढे कधी पुढचा दात तुटला, झिजला, कॅप बसवावी लागली, तर मूळ आकार कसा होता हे त्या साच्यावरून कळतं. वादकाला दाताच्या जाडीतला केसभर फरकही ओठांत जाणवतो. साचा डब्यात घालून तारीख लिहून ठेवा.

तपासणी : तोंड उघडून तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये बसतात का बघा. बहुतेकांची बसतात. तुमची आज किती बसतात ते लिहून ठेवा, पुढे लागेल.

पायरी २ : "आधीचा" आवाज रेकॉर्ड करून ठेवा

ही पायरी जवळपास सगळे गाळतात. मग कॅप बसल्यावर "काहीतरी वेगळं वाटतंय" असं म्हणत बसतात, पण काय वेगळं ते सांगता येत नाही.

एकच खोली, फोन एकाच जागी, हातभर अंतरावर. गायकांनी तानपुऱ्यावर आकारात, म्हणजे 'आ' म्हणत, आरोह-अवरोह, एक द्रुत तान आणि स-श भरपूर असलेली एक बंदिश रेकॉर्ड करावी. शिवाय साध्या बोलण्यातलं एखादं वाक्य. मी विद्यार्थ्यांना देतो ते असं : "सासूबाईंनी सोसायटीच्या जिन्यात बसून शेवग्याच्या शेंगा सोलल्या." हसू येतं, पण दातांमधून वारा सुटत असेल तर इथेच कळतो. बासरीवाल्यांनी मंद्र पंचम एका श्वासात किती सेकंद टिकतो ते मोजावं आणि तार सप्तकातला एक स्वर हळू सुरू करून वाढवत न्यावा.

पायरी ३ : उलटी मोजणी

दाताची कामं दोन प्रकारची असतात. एकात जखम भरायची असते, दुसऱ्यात तोंडातला आकार बदलतो आणि जीभ-ओठांना तो नव्याने शिकावा लागतो. जखम दिवसांत भरते, आकार अंगवळणी पडायला आठवडे लागतात. लोक जखमेची काळजी करतात आणि आकार विसरतात.

सहा महिने किंवा अधिक हातात असतील तर इम्प्लांट, दातांच्या तारा आणि पूर्ण कवळी यांचा विचार करा. इम्प्लांटचा स्क्रू हाडात घट्ट धरायला साधारण ३ ते ६ महिने लागतात. दात काढून लगेच बसवलेली कवळी पुढच्या काही महिन्यांत सैल होते, कारण हिरडीखालचं हाड झिजत जातं. मग आतून नवं अस्तर द्यावं लागतं. तारांचं दोन्हीकडून सांभाळा : ऑडिशनच्या तोंडावर नव्या बसवू नका आणि असलेल्या घाईने काढूही नका. वर्षभर तारांवर ओठ ठेवून वाजवणाऱ्याला गुळगुळीत दात परके वाटतात.

सहा ते आठ आठवडे असतील तर अक्कलदाढेचं ऑपरेशन, रूट कॅनाल आणि त्यावरची कॅप, पुढच्या दातांची कुठलीही दुरुस्ती. रूट कॅनाल एका ते तीन बैठकांत होतं, पण कॅपचं माप, लॅबमधून यायचे दिवस, बसवणं आणि मग चावा जुळवायला एक-दोन फेऱ्या हे धरलं की महिना सहज जातो.

तीन-चार आठवड्यांत साधी दाढ काढणं, मागच्या दातांचं साधं फिलिंग, सफाई. सफाई किरकोळ वाटते, पण वर्षानुवर्षांचं किटण निघालं की दातांच्या फटी मोकळ्या होतात आणि "स" म्हणताना बारीक शिटी येते. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या गुरुजींना ती ऐकू येत नाही, माइकला येते.

शेवटचे १४ दिवस : दुखणं थांबवणं आणि संसर्ग आटोक्यात आणणं, एवढंच. "आलाच आहात तर तेही करून टाकू" याला नम्रपणे नकार द्या.

सावधान : ही मोजणी न दुखणाऱ्या दातासाठी आहे. गालावर सूज, ताप, तोंड उघडेनासं होणं, गिळताना त्रास यातलं काहीही झालं तर ऑडिशन परवा असली तरी आज डॉक्टरकडे. गोळ्या गिळून पू दाबत ठेवणं ही घाईने दाढ काढण्यापेक्षा मोठी चूक आहे. डॉक्टरांना थेट विचारा : "आत्ता दुखणं थांबवण्यापुरतं काय करता येईल आणि बाकीचं नंतर कसं?" बऱ्याचदा दात आतून उघडून औषध भरता येतं आणि उरलेलं काम महिन्यावर ढकलता येतं.

पायरी ४ : भुलीचा दिवस

वेळ घेताना रियाज झाल्यानंतरची घ्या. खालच्या जबड्याला दिलेल्या भुलीने अर्धा ओठ आणि अर्धी जीभ साधारण ३ ते ५ तास बधिर राहते. त्या वेळात गाऊ नका, वाजवू नका. जीभ चावली तरी कळत नाही, आणि चावलेली जीभ आठवडाभर त्रास देते. इंजेक्शननंतर काहींना थोडा वेळ धडधडतं. ते बऱ्याचदा भुलीतल्या ॲड्रिनलिनमुळे होतं, पण हृदयाचा त्रास असेल तर आधीच सांगा.

गायकांना दुसऱ्या दिवशी सतावतो तो दात नाही, जबड्याचा सांधा. तासभर आ करून बसलं की कानापुढे दुखतं आणि आकार लावताना जबडा मोकळा सुटत नाही. लांब बैठक असेल तर दाढांमध्ये धरायचा रबरी ठोकळा मागा आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी तोंड मिटू द्या अशी विनंती करा. त्यात संकोच कसला?

अक्कलदाढ ऑपरेशनने काढायची असेल तर दोन प्रश्न आधी विचारा. एक : जिभेच्या नसेला धोका कितपत आहे? खालच्या अक्कलदाढेजवळून ती जाते. क्वचित जीभ काही काळ बधिर राहते, अगदी क्वचित कायमची. दोन : पूर्ण भूल देणार का? दिली तर श्वासाची नळी घालतात, आणि तिच्यामुळे घसा काही दिवस बसू शकतो. भूलतज्ज्ञांना स्वतः भेटून सांगा की तुम्ही गायक आहात.

पायरी ५ : दाढ काढल्यानंतरचे दिवस

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, आणि तो आपल्या चांगल्या सवयींमुळे होतो.

दाढ काढलेल्या खळगीत रक्ताची गाठ धरते. जखमेचं झाकण तेच. ती गाठ निसटली की हाड उघडं पडतं, आणि दुसऱ्या ते पाचव्या दिवसात असह्य ठणका सुरू होतो. गाठ कशाने निसटते? चोखण्याने, जोरात थुंकण्याने, खळखळून चूळ भरण्याने. विडी-सिगारेट आणि तंबाखूने धोका आणखी वाढतो.

आता गायकाचा दिनक्रम बघा. उठल्या उठल्या हळद-मिठाच्या गुळण्या. घसा खाकरून थुंकणं. गरम पाण्याचे घोट. मग अनुलोम-विलोम, कपालभाती. हे सगळं पहिल्या दिवशी बंद. पहिले २४ तास गुळणी नाहीच. नंतर कोमट मिठाचं पाणी तोंडात नुसतं धरायचं, मान कलती करून जखमेवर फिरू द्यायचं आणि तोंड उघडून बेसिनमध्ये पडू द्यायचं. मान मागे टाकून घशात खळखळवायचं नाही. थुंकायचं नाही. शहाळं, ताक स्ट्रॉने नाही, वाटीने. जोराच्या श्वासाचे प्राणायाम आणि शंख डॉक्टर हो म्हणेपर्यंत नकोत.

फुंकीच्या वाद्यांना आणखी एक धोका आहे. वरच्या मागच्या दाढांची मुळं नाकाशेजारच्या सायनसच्या पोकळीला लागून असतात. दाढ काढल्यावर तिथे कधी कधी छिद्र राहतं. त्या स्थितीत बासरी, सनई किंवा ट्रंपेट फुंकलं की ते बंद होत नाही. वरची मागची दाढ काढली असेल तर जवळपास दोन आठवडे वाद्याला फुंक नाही, नाकही जोरात शिंकरायचं नाही, आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं.

तपासणी : पाणी पिताना नाकात येतं का? बोलताना जखमेतून हवा सुटल्यासारखी वाटते का? एकाचंही उत्तर हो असेल तर त्याच दिवशी दाखवा.

रियाजाकडे परतण्याचा माझा क्रम साधी, न चिरता काढलेली दाढ धरून सांगतो. वरची मागची दाढ असेल तर वादकांनी वर सांगितलेले दोन आठवडेच पाळावेत, आणि टाके असतील तर तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

पहिले दोन दिवस आवाज नाही, फुंक नाही. सूज साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, तेव्हा तिसऱ्या दिवशी गाल फुगलेला दिसला म्हणून घाबरू नका. तानपुरा लावून यादीतले राग मनात गा, हाताने ताल धरा. बासरीवाल्यांनी बासरी मांडीवर आडवी धरून नुसती बोटं चालवावीत. द्रुत तानांची बोटं या दोन दिवसांत माझ्या विद्यार्थ्यांची कधी नव्हे इतकी साफ झालेली मी पाहिली आहेत, कारण फुंकीकडे लक्ष द्यावं लागत नाही.

तिसऱ्या ते सहाव्या दिवशी गायकांनी तोंड मिटून मध्य सप्तकात गुणगुणावं, दहा-दहा मिनिटं. वादकांनी अजून थांबावं. सातव्या दिवशी जखम दाखवून हो मिळाला तर गायकांनी अर्धा जबडा उघडून आकार, आणि वादकांनी मध्य सप्तकात हलकी फुंक, पाच मिनिटं, विश्रांती, पुन्हा पाच. तार सप्तक सगळ्यात शेवटी, कारण दाब तिथेच जास्त लागतो. ठणका परत आला तर एक पायरी मागे.

तपासणी : तीन बोटं पुन्हा बसायला लागली का? तोपर्यंत गायकांनी आकार ताणून मोठा करू नये. ऑपरेशननंतर जबडा आठवडा-दोन आठवडे आखडलेला राहू शकतो.

पायरी ६ : नवीन आकार अंगवळणी पाडणं

पुढच्या दाताला कॅप बसवायची असेल तर आधी तात्पुरती कॅप बसवतात. लोक तिला मधला वेळ समजतात. खरं तर ती तुमची चाचणी आहे. आठवडाभर तिच्यावर वाजवा, गा, पायरी २ चं रेकॉर्डिंग शेजारी ठेवून ऐका आणि कायमची कॅप बनायच्या आधी सांगा : "आतली बाजू जाड वाटते", "कड ओठाला लागते". कायमची पक्की बसल्यावर सांगून फार उपयोग नसतो. तात्पुरत्या कॅपवर चिक्की, सुपारी, ऊस आणि कडक भाकरीचे पापुद्रे वर्ज्य.

कवळीवाल्यांनी रोज वीस मिनिटं वर्तमानपत्र मोठ्याने वाचावं. वरची कवळी टाळू झाकते, त्यामुळे सुरुवातीला स्वतःचाच आवाज स्वतःला बोजड वाटतो. तो बाहेर तसा जात नाही, रेकॉर्डिंग ऐकून खात्री करा. "स" ला शिटी येत असेल तर ती सवयीने जाईल की कवळी घासून घ्यावी लागेल हे दोन-तीन आठवड्यांनी ठरवा. जुनी कवळी टाकू नका. ऑडिशनच्या आठवड्यात नवी टोचायला लागली तर जुनीच तुम्हाला सांभाळून नेते.

पायरी ७ : औषधांचं थोडक्यात

मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाने तोंडाला धातूसारखी चव येते. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्यांनी चव बिघडते. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर पित्त उसळतं, आणि घशाशी येणारं पित्त गायकाचा आवाज बसवतं. ट्रॅमाडॉलसारखं जोरदार वेदनाशामक घेऊन लयीत बसता येत नाही, झापड येते. म्हणून ऑडिशनच्या दिवशी कधीही न घेतलेली गोळी पहिल्यांदा घेऊ नका. प्रतिजैविकं सुरू असतील तर ती मात्र स्वतःच्या मनाने मध्येच थांबवू नका. लवंगेचं तेल कापसावर भरपूर ओतून हिरडीवर ठेवलं की हिरडी भाजते.

पायरी ८ : शेवटचा आठवडा

ऑडिशनच्या क्रमानेच, बसून, न थांबता दोनदा पूर्ण सराव करा आणि रेकॉर्डिंग पायरी २ शी ताडून बघा. तार सप्तक अजून कोतं वाटत असेल तर अर्धा सूर खाली उतरायचा निर्णय आत्ता घ्या. काळी दोनची पट्टी पांढरी दोन करायची असेल तर तबला-संवादिनीच्या साथीदारांना आजच कळवा. बासरीवाल्यांना त्यासाठी वेगळी बासरी लागेल आणि तिच्यावर ओठ बसायला चार दिवस तरी हवेत.

दोन-तीन दिवस आधीही जबडा उघडत नसेल किंवा जखम ठणकत असेल तर पत्र पाठवणाऱ्या कार्यालयाला लगेच विचारा की तारीख बदलून मिळेल का. डॉक्टरांचं प्रमाणपत्र हाताशी ठेवा. आदल्या रात्री फोन करून काही होत नाही.

पिशवीत ठेवायचं : पाण्याची बाटली, नेहमीच्या गोळ्या, तारा असतील तर मेण, कवळी असेल तर तिचा डबा आणि आधीपासून वापरून पाहिलेली चिकट पावडर, दंतवैद्यांचा नंबर. वाटेत कॅप निघाली तर ती रुमालात जपून ठेवा आणि नंबर लावा. फेविक्विकने बसवू नका. माझ्या एका विद्यार्थ्याने बसवली होती. कॅप तिरकी चिकटली, ती कापून काढावी लागली आणि नवीन करावी लागली.

ऑडिशन संपल्यावर त्याच दिवशी घरी जाताना "नंतर" म्हणून मागे ठेवलेल्या कामांची वेळ घेऊन टाका. निकालाची वाट बघत बसलात तर ती दाढ पुढच्या अर्जापर्यंत तशीच राहते.